लष्करी उड्डाणातून रिजनल एअरलाइनकडे: अमेरिकेतली पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

अमेरिकेच्या हवाई दलातून, नौदलातून किंवा आर्मीतून बाहेर पडणाऱ्या वैमानिकापुढे एक प्रश्न हमखास येतो. थेट डेल्टा, युनायटेड, अमेरिकनसारख्या मोठ्या कंपनीकडे अर्ज करायचा, की आधी स्कायवेस्ट, रिपब्लिक, एन्व्हॉयसारख्या रिजनल, म्हणजे छोट्या विमानांनी जवळचे मार्ग चालवणाऱ्या, एअरलाइनमध्ये शिरायचं? हा निर्णय लॉगबुकातल्या रकान्यांवर घ्यावा. एखादा रकाना रिकामा असेल आणि रिजनल तो भरून देत असेल, तर जरूर जा. सगळे भरलेले असतील, तर रिजनलचा अर्ज हाताशी असू द्या, पण मोठ्या कंपन्यांचे अर्ज त्याच आठवड्यात टाका.

असं म्हणण्याचं कारण सीनियॉरिटी. एअरलाइनमध्ये बेस (नेमणुकीचं शहर), वेळापत्रक, सुट्टी, कॅप्टनपद हे सगळं रुजू झालेल्या तारखेच्या क्रमाने मिळतं. कंपनी बदलली की हा क्रमांक सोबत येत नाही, पुन्हा तळापासून सुरुवात. त्यात निवृत्तीचं वय ६५. वीस वर्षं नोकरी करून ४३ व्या वर्षी बाहेर पडलेल्याकडे २२ वर्षं उरतात. रिजनलमध्ये घालवलेलं प्रत्येक वर्ष कारकिर्दीच्या शेवटच्या, म्हणजे सगळ्यात जास्त पगाराच्या टोकाकडून वजा होतं.

रिजनल खरोखर उपयोगी पडते ती प्रामुख्याने तिघांना: हेलिकॉप्टर पायलट, गेली दोन-तीन वर्षं कार्यालयीन नेमणुकीत अडकल्यामुळे ताजे तास नसलेले, आणि एकूण तास कमी असताना लवकर बाहेर पडलेले. चौथाही एक वर्ग आहे, ज्यांना विशिष्ट शहरातच राहायचं आहे आणि तिथे रिजनलचा बेस आहे. तो निर्णय कुटुंबाचा, त्यावर नियमावलीचं काही म्हणणं नाही.

मेडिकल सगळ्यात आधी

बहुतेक जण हे शेवटी करतात आणि तिथेच अडकतात. लष्करी फ्लाइट सर्जनचा ‘उडण्यास योग्य’ हा शेरा एअरलाइनला चालत नाही. एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या नागरी विमान नियामक संस्थेचं, फर्स्ट क्लास मेडिकल (सर्वोच्च श्रेणीचं वैद्यकीय प्रमाणपत्र) लागतं. मेडएक्सप्रेस या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, मिळालेला क्रमांक घेऊन अधिकृत विमानवैद्यकीय तपासनिसाकडे जायचं. चाळिशीच्या आत हे प्रमाणपत्र एअरलाइनच्या कामासाठी १२ महिने चालतं, चाळिशीनंतर ६ महिने. पहिला ईसीजी ३५ व्या वर्षानंतर, आणि चाळिशीनंतर दरवर्षी.

अर्जातला एक प्रश्न नीट वाचा: वैद्यकीय कारणासाठी अपंगत्व भत्ता मिळतो का? सेवा सोडताना व्हेटरन्स अफेअर्स या माजी सैनिकांच्या सरकारी खात्याकडे पाठीचं दुखणं, कानातला आवाज, स्लीप अ‍ॅप्निया, पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक विकार) यांचे दावे टाकले जातात, आणि एफएएच्या अर्जावर मात्र ‘नाही’ अशी खूण होते. दोन्ही खात्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या जातात. २०२३ मध्ये अशा जवळपास ५,००० वैमानिकांची चौकशी सुरू असल्याचं एफएएने मान्य केलं होतं. दावा असणं हा अपराध नाही, लपवणं आहे. अ‍ॅप्नियासारख्या निदानावर तपासनीस अर्ज वरच्या कार्यालयाकडे पाठवू शकतो आणि उत्तराला महिने लागू शकतात. म्हणून सेवा सुटण्याच्या किमान सहा महिने आधी ही तपासणी उरका.

लष्करी पात्रतेवर नागरी परवाना

एफएएच्या नियम ६१.७३ नुसार लष्करी वैमानिकाला कमर्शियल (पगारी उड्डाणाचा) परवाना आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता) नागरी चेकराइड, म्हणजे उड्डाणाची प्रात्यक्षिक परीक्षा, न देता मिळतं. क्रम असा. आधी आयएक्रा या एफएएच्या ऑनलाइन अर्ज प्रणालीत नाव नोंदवून एफएएचा ट्रॅकिंग क्रमांक घ्या, त्याशिवाय लेखी परीक्षेला बसता येत नाही. मग मिलिटरी कॉम्पिटन्सची परीक्षा द्या: ५० प्रश्न, उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के. विषय नागरी नियम, हवाई वाहतूक आणि अपघात कळवण्याचे नियम एवढेच. त्यानंतर आयएक्रात अर्ज भरून एफएएच्या स्थानिक कार्यालयात किंवा अधिकृत परीक्षकाकडे कागद घेऊन जा. तात्पुरता परवाना हातोहात मिळतो, तो १२० दिवस चालतो.

कागद कोणते? वैमानिक म्हणून नेमणूक झाल्याचा आदेश, पायलट ट्रेनिंग पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, लष्करी ओळखपत्र किंवा डीडी-२१४ (सेवा सुटल्याचा दाखला), आणि त्या प्रकारच्या विमानावर लष्करी चाचणी उत्तीर्ण झाल्याची किंवा १० तास पायलट म्हणून उडवल्याची नोंद. हवाई दलात चाचणीसाठी एएफ फॉर्म ८ चालतो, आर्मीत डीए ७५९ आणि डीए ७१२२, नौदलात नॅटॉप्स जॅकेट या पात्रतेच्या फाइलमधल्या नोंदी. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी त्याच कॅटेगरीतल्या (विमान की हेलिकॉप्टर) इन्स्ट्रुमेंट चाचणीचा कागद वेगळा दाखवावा लागतो. हेलिकॉप्टरवरची चाचणी विमानाच्या रेटिंगला चालत नाही. कौशल्य कमी पडलं म्हणून किंवा उड्डाणाशी संबंधित शिस्तभंगावरून फ्लाइंगमधून काढलेल्याला हा मार्ग बंद आहे.

लढाऊ विमानांच्या वाटेने आलेल्यांसाठी आणखी एक. टी-३८ ची दोन्ही इंजिनं मध्यरेषेलगत असल्याने तिच्या जोरावर मिळालेल्या मल्टी-इंजिन रेटिंगवर ‘सेंटर थ्रस्ट’ची मर्यादा छापून येते. ती काढायला एक इंजिन बंद पडल्यावर विमान ताब्यात ठेवण्याची चाचणी पारंपरिक दोन इंजिनी विमानावर द्यावी लागते. अर्ज भरण्याआधी रिक्रूटरला थेट विचारा की ही मर्यादा असताना ते प्रशिक्षणाच्या क्लासमध्ये घेतात का.

७५० तासांची सवलत आणि तिच्या आतले रकाने

एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) व्हायलाही एटीपी, म्हणजे एअरलाइन वैमानिकाचा सर्वोच्च परवाना लागतो. सर्वसाधारण अट १,५०० तासांची, पण नियम ६१.१६० लष्करी वैमानिकाला ७५० तासांवर रिस्ट्रिक्टेड (मर्यादित) एटीपी देतो. वयाची अट २१ पूर्ण. इथे डीडी-२१४ वर ‘ऑनरेबल’ हा शेरा दिसला पाहिजे, म्हणून लांब प्रत, म्हणजे मेंबर-४, जवळ ठेवा. छोट्या प्रतीत हा शेरा नसतो आणि तेवढ्यावरून फाइल परत येते. अजून सेवेत असाल तर तसा अधिकृत लष्करी दाखला चालतो.

७५० हा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. त्याच्या आत हे सगळं बसावं लागतं: २०० तास क्रॉस-कंट्री, १०० तास रात्रीचे, ७५ तास इन्स्ट्रुमेंट, ५० तास मल्टी-इंजिन विमानावर आणि २५० तास विमानात पायलट-इन-कमांड (पीआयसी, म्हणजे प्रमुख वैमानिक) म्हणून, त्या २५० मध्ये १०० क्रॉस-कंट्री आणि २५ रात्रीचे. मल्टी-इंजिनच्या ५० पैकी २५ तास मान्यताप्राप्त प्रशिक्षणातल्या फुल फ्लाइट सिम्युलेटरमध्ये भरून निघतात. म्हणून काही रिजनल कंपन्या प्रवेशाला २५ च मागतात.

दोन ठिकाणी वैमानिक स्वतःचे तास कमी धरतात. एटीपीसाठी क्रॉस-कंट्री म्हणजे निघालेल्या ठिकाणापासून सरळ रेषेत ५० सागरी मैलांपेक्षा पुढे गेलेलं उड्डाण. तिथे उतरण्याची गरज नाही. ६० मैलांवरच्या सरावाच्या रेंजवर जाऊन त्याच तळावर परतलेली सॉर्टी (लष्करी उड्डाणाची फेरी) यात बसते. दुसरं, रात्रीचे तास कमी असतील तर पूर्ण थांबून केलेल्या २० रात्रीच्या लँडिंगनंतरचं प्रत्येक टेकऑफ-लँडिंग एका तासाच्या बदल्यात धरता येतं, कमाल २५ तास.

याउलट जास्त धरण्याची चूक पीआयसीच्या रकान्यात होते. एफएएच्या लॉगिंगमध्ये रेटिंग असलेला आणि प्रत्यक्ष दांडी हातात असलेला वैमानिक पीआयसी तास नोंदवू शकतो. एअरलाइन्सच्या अर्जात मात्र बहुधा ज्याच्या सहीवर विमान निघालं तोच पीआयसी. दोन आकडे वेगवेगळे ठेवा आणि प्रत्येक अर्जातली व्याख्या वाचून योग्य तो भरा. सैन्याचे तास नागरी पद्धतीपेक्षा कमी दिसतात, कारण टॅक्सीचा, म्हणजे विमान जमिनीवर चालवण्याचा, वेळ त्यात धरलेला नसतो. त्याची भरपाई म्हणून काही कंपन्या दर सॉर्टीमागे ०.२ किंवा ०.३ तास जोडू देतात. ही सूट त्या कंपनीच्या अर्जापुरती. एफएएच्या अर्जावर नोंदीतलेच तास लिहा. मुलाखतीत दोन कागदांवरचे आकडे जुळले नाहीत तर पाच मिनिटांत निकाल लागतो, म्हणून फरकाचं स्पष्टीकरण एका पानावर तयार ठेवा.

हेलिकॉप्टर पायलटचं गणित वेगळं

आर्मीच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरवर २,००० तास केलेल्या वॉरंट ऑफिसरचे एकूण तास, रात्रीचे आणि क्रॉस-कंट्री तास बहुतेक वेळा पूर्ण असतात. अडतं ते ‘विमानात’ या एका शब्दावर: २५० तास पीआयसी आणि ५० तास मल्टी-इंजिन. शिवाय ६१.७३ ने त्याला हेलिकॉप्टरचाच कमर्शियल परवाना मिळालेला असतो. त्यावर विमानाची कॅटेगरी, इन्स्ट्रुमेंट-एअरप्लेन आणि मल्टी-इंजिन रेटिंग चेकराइड देऊन जोडावी लागतात. रिजनल कंपन्यांचे रोटर ट्रान्झिशन कार्यक्रम यासाठीच निघाले, त्यात खर्चाचा काही भाग कंपनी उचलते. कोणती कंपनी या घडीला पैसे देते हे भरतीच्या चढउताराप्रमाणे बदलतं, त्यामुळे गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका.

जीआय बिल या माजी सैनिकांच्या शिक्षण योजनेतून फ्लाइट स्कूलचा खर्च करायचा तर खासगी पायलट परवाना आणि वैध मेडिकल आधी हातात हवं. त्या पहिल्या परवान्याचा खर्च योजना देत नाही. हेलिकॉप्टरचा कमर्शियल परवाना काढून ठेवला असेल तर तुमच्या बाबतीत ही अट कशी लागू होते, ते शाळेच्या व्हेटरन्स कक्षातून लेखी घ्या.

एटीपी-सीटीपी आणि लेखी परीक्षा

एटीपीच्या मल्टी-इंजिन लेखी परीक्षेआधी सीटीपी हा कोर्स सक्तीचा आहे: ३० तास वर्गात, १० तास सिम्युलेटरमध्ये, त्यातले किमान ६ तास वरच्या श्रेणीच्या फुल फ्लाइट सिम्युलेटरमध्ये. कोर्सचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय परीक्षा केंद्र आत घेत नाही. परीक्षा १२५ प्रश्नांची, चार तास, निकाल ६० महिने वैध. रिजनल कंपन्या हा कोर्स बहुधा स्वतःच्या खर्चाने करून देतात, म्हणून ऑफर हातात असेल तर स्वतःचे हजारो डॉलर घालू नका. थेट मोठ्या कंपनीकडे जाणार असाल तर मात्र लेखी परीक्षा आधीच झालेली असणं अर्जाचं वजन वाढवतं.

अर्जासोबतची फाइल

परवाना, मेडिकल, पासपोर्ट, वाहन परवाना, एफसीसीचा (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचा) रेडिओटेलिफोन परवाना, पदवी असल्यास गुणपत्रिका, लष्करी उड्डाण नोंदींचा पूर्ण संच. सेवा सोडण्याआधी या नोंदींची प्रमाणित प्रत स्क्वॉड्रनच्या कार्यालयातून स्वतः घ्या. नंतर संग्रहातून मागवायची म्हटलं तर पत्रव्यवहार लांबतो. एफएएच्या पायलट रेकॉर्ड्स डेटाबेसमध्ये कंपनीला संमती द्यावी लागते, ती राहिली की ऑफर असूनही क्लासची तारीख मिळत नाही. पुढे दहा वर्षांची पार्श्वभूमी तपासणी, बोटांचे ठसे आणि औषध चाचणी. नोकऱ्यांमधल्या मोकळ्या महिन्यांचा हिशेब मागतात, तेव्हा टर्मिनल लीव्हच्या (सेवेच्या शेवटी घेतलेल्या रजेच्या) तारखा डीडी-२१४ शी जुळवून लिहा.

सेवेच्या शेवटी स्किलब्रिज या लष्करी योजनेखाली जास्तीत जास्त १८० दिवस नागरी कंपनीत प्रशिक्षण घेता येतं. पगार लष्कराचाच, कंपनी वेगळा देत नाही. सेवादल आणि हुद्द्याप्रमाणे मुदत कमी होते, आणि कमांडरची मंजुरी नसेल तर काहीच नाही.

इथे भारतीय हवाई दलातून निवृत्त होऊन अमेरिकेत स्थायिक झालेल्यांकडून विचारणा होते म्हणून सांगतो. ६१.१६० मधली सवलत अमेरिकी सैन्यदलांपुरतीच आहे. परदेशी लष्करी वैमानिकाला ६१.७३ चा लाभ मिळतो तो अमेरिकी तुकडीत प्रशिक्षणार्थी सोडून अन्य नेमणूक असेल तरच. एएन-३२ वरचे तास अनुभव म्हणून मोजले जातील, पण अट १,५०० तासांचीच.

कंपनी निवडताना

दर तासाचा पगार पाहताना मासिक हमीचे तास (दरमहा ज्यांचा पगार नक्की मिळतो ते किमान तास) विचारा. २०२२ मध्ये एन्व्हॉय आणि पिडमाँटने पहिल्या वर्षाचा दर तासाला ९० डॉलरवर नेला. ७५ तासांची हमी धरली तर महिन्याला ६,७५० डॉलर, करापूर्वी. जॉइनिंग बोनसची रक्कम मोठी असली तरी करार वाचा: मुदतीआधी सोडलं तर किती परत, प्रमाणात की पूर्ण, आणि प्रशिक्षणाचा खर्चही मागतात का. सहा महिन्यांत मोठ्या कंपनीचा फोन येण्याची शक्यता असेल तर कमी बोनस, मोकळे हात हा सौदा बरा.

एन्व्हॉय, पीएसए आणि पिडमाँट या अमेरिकनच्या मालकीच्या. तिथून अमेरिकनमध्ये क्रमाने जाण्याची सोय करारात आहे. एंडेव्हर डेल्टाच्या मालकीची. हा ‘फ्लो’ सीनियॉरिटीने चालतो, आणि लष्करी वैमानिकाला बाहेरून अर्ज करून त्याआधीच बोलावणं येऊ शकतं. फ्लोला शेवटचा आधार समजा.

कॅप्टनपदाचा विचार असेल तर नियम १२१.४३६ पाहा. एअरलाइनमध्ये १,००० तास सेकंड-इन-कमांड (दुय्यम वैमानिक) म्हणून लागतात, पण दोन वैमानिक लागणाऱ्या मल्टी-इंजिन टर्बाइन विमानावरचे लष्करी पीआयसी तास त्यात ५०० पर्यंत धरता येतात. सी-१३०, सी-१७, केसी-१३५, पी-८ वरच्यांना याचा थेट फायदा: महिन्याला ७० तास धरले तर चौदा-पंधरा महिन्यांऐवजी सात-आठ. एफ-१६ किंवा हेलिकॉप्टरवरचे तास इथे शून्य. कॅप्टन व्हायला पूर्ण एटीपी हवा, म्हणजे २३ वर्षं वय, १,५०० तास आणि क्रॉस-कंट्री ५००.

नॅशनल गार्ड किंवा रिझर्व्ह या अर्धवेळ लष्करी दलांमध्ये राहणाऱ्यांना यूएसईआरआरए या, नागरी नोकरी जपणाऱ्या, कायद्याचं संरक्षण आहे. एका मालकाकडे एकूण पाच वर्षांपर्यंतच्या लष्करी रजेनंतर नोकरी आणि सीनियॉरिटी दोन्ही परत मिळतात. महिन्याच्या ड्रिल (सरावाच्या हजेऱ्या) आणि वार्षिक प्रशिक्षण या पाच वर्षांत मोजत नाहीत. प्रोबेशनच्या वर्षातही हे लागू आहे. तरी पहिल्या सिम्युलेटर टप्प्यात ड्रिलची तारीख आली तर युनिटकडून ती पुढे ढकलून घ्या, आणि रजेची सूचना ट्रेनिंग विभागाला ईमेलने द्या. फोनवर दिलेली सूचना कायद्याला चालते, पण वाद झाला की पुरावा तुमच्याच बाजूला कमी पडतो.