घसरगुंडीपलीकडची वाळू

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली, तिच्यासोबत सात वर्षांची भाचीही आली. जळगावात ती चौथ्या मजल्यावर राहते. संध्याकाळी साडेपाचला मी तिला अमळनेरच्या आमच्या कॉलनीतल्या बागेत नेलं. लोखंडी घसरगुंडी दिवसभराच्या उन्हानं तापलेली होती. तिनं पत्र्याला हात लावला आणि झटकन काढून घेतला. झोक्याच्या साखळीचंही तेच. मग ती दिसेना म्हणून शोधलं, तर बागेच्या फाटकाबाहेर कुणाच्या तरी बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगात सापडली. कोपरापर्यंत हात खुपसून म्हणाली, "मामा, आत थंड आहे!" अंधार पडेपर्यंत ती तिथून हलली नाही.

वाळूच्या ढिगापुढे घसरगुंडी फिकी का पडते, याचं एक चांगलं उत्तर सायमन निकोल्सन या ब्रिटिश कलावंतानं 1971 साली मांडलं होतं. त्याचं म्हणणं असं, की एखाद्या जागेत मुलाला किती काही सुचेल, हे तिथल्या हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या सुट्या वस्तूंवर ठरतं. घसरगुंडीवर करण्यासारखी गोष्ट एकच. म्हणून तर दोन दिवसांत मुलं ती उलटी चढू लागतात. वाळू, दगड, काटक्या, पाणी, चिखल यांचं मात्र रोज नवं काहीतरी होतं. ही सगळी सामग्री खान्देशात गावागावाला पडलेली आहे. नेहमी पाणी नसतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच आम्ही गावाबाहेर बोरी नदीच्या पात्रात उतरलो. उन्हाळ्यात बोरी म्हणजे वाळूचा रुंद पट्टा. तिथं गावातली तीन-चार पोरं आधीच बसलेली, पावलावर ओली वाळू थापून खोपे करत होती. भाचीचा खोपा मात्र सारखा ढासळायचा, कारण ती वरवरची कोरडी वाळू घेत होती. एका मुलीनं तिला हाताला धरून खाली उकरायला शिकवलं.

या खोप्यामागचं विज्ञान फार सुंदर आहे. वाळूच्या दोन कणांच्या मध्ये पाण्याचा इवलासा थेंब अडकला, की पृष्ठताणामुळे तो दोन्ही कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. असे लाखो सांधे मिळून खोपा उभा राहतो. कोरड्या वाळूत हे सांधेच नसतात, म्हणून ती ओघळते. पाणी जास्त झालं की कणांमधली सगळी पोकळी भरून जाते, पृष्ठभागच उरत नाही, मग ताणही उरत नाही आणि खोपा बसतो. पाणी किती हवं हे त्या मुलीला कुणी शिकवलेलं नव्हतं, ते तिच्या तळव्याला कळत होतं.

मग झिरा, म्हणजे पाणी लागेपर्यंत वाळूत खड्डा, खणणं सुरू झालं. खड्डा जसजसा खोल जातो तसतशी कडेची वाळू आत घसरते आणि खड्डा रुंद होत जातो. कोरडी वाळू साधारण 30 ते 35 अंशांपेक्षा जास्त उतारावर टिकत नाही. निंबाखालच्या धुळीत उलट्या शंकूसारखे बारीक खड्डे असतात ना, त्यांच्या तळाशी दबा धरून बसलेली अळी नेमका याच उताराचा फायदा घेते. मुंगी काठावर आली की पायाखालची धूळ सुटते आणि ती थेट अळीच्या जबड्यात. पोरांनी हातभर खणलं, तळाशी वाळू काळपट झाली, मग चमकली. "माय वं, पानी निंघनं!" एक जण ओरडला. नदी आटली तरी वाळूच्या पोटात ती हळूहळू वाहत असते, हे पाठ्यपुस्तकात भूजल या धड्यात येतं. भाचीला ते धड्याच्या चार वर्षं आधी, नखांत वाळू घेऊन समजलं.

इथं एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. नदीची वाळू बेसुमार उपसली गेली, की पात्रात खोल खड्डे राहतात. पावसाळ्यात ते पाण्यानं भरतात, वरून पात्र सपाट दिसतं आणि गुडघाभर पाण्यातून चालणारं मूल एका पावलात डोक्याइतक्या पाण्यात जातं. म्हणून नदी खेळायची ती उन्हाळ्यातली, कोरडी, आदल्या दिवशी आपण स्वतः चालून पाहिलेली. धरणाखालच्या पात्रात पाणी कधी सोडतात हे गावात विचारूनच उतरावं. वाळू गेली की पोरांचं अंगणही जातं, याचा हिशोब कुठल्याच ट्रॉलीच्या पावतीवर नसतो.

सपाट फरशीवर खेळणारं मूल आणि उंचसखल जमिनीवर खेळणारं मूल यांच्या शरीरात फरक पडतो का? नॉर्वेतल्या इंगुन फ्योर्टॉफ्ट यांनी हे तपासलं. त्यांचा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. 5 ते 7 वर्षांची काही मुलं बालवाडीशेजारच्या जंगलात रोज एक-दोन तास खेळत, दुसऱ्या गटातली नेहमीच्या क्रीडांगणात. नऊ महिन्यांनी दोन्ही गटांच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा तोल सांभाळणं आणि हातापायांचा मेळ यांत जंगलातली मुलं पुढे निघाली. कारण उघड आहे. बागेतल्या शिडीच्या पायऱ्या सारख्या अंतरावर असतात, शरीर एकदा शिकतं आणि थांबतं. नाल्याच्या काठावर प्रत्येक पाऊल वेगळं पडतं, आणि प्रत्येक वेळी घोटा, गुडघा, कंबर यांना नवा हिशोब करावा लागतो.

आपल्याकडे यासाठी वडाचं झाड आहे. सूरपारंब्या खेळणारं पोर कोणती फांदी आपलं वजन पेलेल, किती उंचीवरून उडी मारायची, हे क्षणात ठरवतं. नॉर्वेच्याच एलन सँडसेटर यांनी मुलांच्या धाडसी खेळांचे सहा प्रकार सांगितले आहेत: उंची, वेग, धारदार हत्यारं, आग-पाणी यांसारख्या धोक्याच्या गोष्टी, झोंबाझोंबी आणि एकटंच दूर भटकणं. झेपेल एवढी भीती मुलं स्वतः शोधत असतात आणि तिला सरावत जातात, असं त्यांचं मत आहे. मला ते पटतं. खालून "पडशील!" असं ओरडण्यापेक्षा "आता पाय कुठं ठेवणार?" असं विचारलं, तर पोराचं लक्ष भीतीवरून फांदीवर येतं.

आखाजीचा विषय निघालाच आहे, तर झोक्याबद्दल बोललं पाहिजे. खान्देशात या सणाला निंबाच्या जाड फांदीला दोर बांधून झोके चढतात. माहेरवाशिणी त्यावर गाणी म्हणत झुलतात आणि मधल्या वेळात पोरांचा नंबर लागतो. बागेतल्या झोक्याची साखळी फार तर 2 मीटर, त्याचा एक हेलकावा जाऊन परत यायला 3 सेकंदांहून थोडा कमी वेळ लागतो. निंबावरचा दोर 6 मीटर असला तर हाच वेळ जवळजवळ 5 सेकंद होतो. हेलकाव्याचा वेळ दोराच्या लांबीवर ठरतो, बसणाऱ्याच्या वजनावर नाही. आम्ही हे मोजलं. आधी भाची बसली, मग तिची आई, दोघींचे दहा-दहा हेलकावे घड्याळावर जवळपास सारखेच आले. भाचीला ते खरंच वाटेना, तिनं आजीलाही बसवलं.

झोक्यावर पोटात गोळा येतो त्या वेळी कानात काय चालतं, तेही पाहण्यासारखं आहे. आपल्या अंतर्कर्णात द्रवानं भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोकं कसं वळतंय ते सांगतात. त्यांच्याशेजारीच कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण एका चिकट थरावर बसलेले असतात. काळ्या रानात सापडणारे चुनखडीचे खडे ज्या पदार्थाचे, त्याच पदार्थाचे हे कण. शरीराला वेग आला की ते किंचित सरकतात, खालच्या केसपेशी वाकतात आणि मेंदूला कळतं की आपण पुढे चाललोय. झोका, गिरक्या, उतारावरून धावणं यांतून या यंत्रणेला भरपूर सराव मिळतो. लांब दोराच्या संथ, मोठ्या हेलकाव्याची मजा छोट्या साखळीवर येत नाही, हे कोणतंही पोर सांगेल.

आता उन्हाचं. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 अंशांवर जातो, तिथं मुलांना बाहेर काढा म्हणणं सोपं नाही. वजनाच्या मानानं मुलांच्या अंगाचा पृष्ठभाग जास्त आणि घाम कमी, म्हणून ती मोठ्यांपेक्षा लवकर तापतात. तेव्हा उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर, आणि मधला वेळ घरात, याला पर्याय नाही. पण सकाळचा तास सोडू नये, आणि त्याचं एक कारण डोळ्यांत आहे. वर्गातला उजेड साधारण 300 ते 500 लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, तर बाहेर झाडाच्या सावलीतही तो काही हजार लक्स भरतो. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामाइन हे रसायन जास्त स्रवतं आणि त्यामुळे डोळ्याचा गोल गरजेपेक्षा लांब वाढत नाही, असं मानलं जातं. तो लांबला की दूरचं धूसर दिसतं आणि चष्मा लागतो. चीनमधल्या ग्वांगझूच्या 12 शाळांत पहिलीच्या मुलांवर याची चाचणी झाली. निम्म्या शाळांनी रोज 40 मिनिटं जास्त वेळ मुलांना बाहेर ठेवलं. तीन वर्षांनी तिथं 30.4 टक्के मुलांना लघुदृष्टी आली, उरलेल्या शाळांत 39.5 टक्क्यांना. हे निष्कर्ष 2015 मध्ये आले. यासाठी उन्हात करपायची गरज नाही, निंबाची सावली पुरते.

पावसाळ्यात खेळ मातीकडे वळतो. मृगाच्या पहिल्या सरीनंतर बांधावर लाल मखमली किडे दिसतात, ते हातावर घ्यायला मुलांना दोनच आठवडे मिळतात. श्रावण संपताना पोळ्यासाठी काळ्या मातीचे बैल होतात. कापसाच्या या मातीतली चिकणमाती पापुद्र्यांची बनलेली असते, पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेलं की रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बैल उन्हात वाळवला तर बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि बैलाची पाठ फुटते. सावलीत सावकाश वाळवला की टिकतो.

माती अंगाला लागण्याबद्दलही सांगण्यासारखं आहे. फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातली माती आणि गवताचे थर आणून टाकले. 3 ते 5 वर्षांची मुलं तिथं 28 दिवस खेळली. त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या रक्तातल्या घटकांतही चांगला बदल दिसला. हा अभ्यास 2020 चा. मात्र जिथं उघड्यावर शौच होतं, तिथं अनवाणी मुळीच नको, अंकुशकृमी तळव्यातून शिरतात. फवारणी झालेल्या कापसाच्या रानातही नको. खेळून आल्यावर साबणानं हात धुणं आणि धनुर्वाताची लस वेळेवर, एवढं पाळावं.

साप-विंचवाची भीती खरी आहे आणि ती गिळून टाकू नये. पायात बूट, हातात काठी, बिळात-कपारीत हात नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावं. दगड उलटायचाच तर आपल्या बाजूची कड खाली टेकलेली ठेवून समोरची उचलावी, म्हणजे आत काही असलं तर आपल्यामध्ये दगडाची आड राहते. दंश झालाच तर तो भाग न हलवता थेट दवाखाना, मांत्रिकाकडे एक मिनिटही नाही.

अशा जागा शोधायला लांब जावं लागत नाही. चाळीसगावजवळची पाटणादेवी, सातपुड्याच्या पायथ्याची मनुदेवी, तोरणमाळ ही सुट्टीत जायची ठिकाणं, तिथं जरूर जावं. पण मुलाला हवी असते रोजची जागा, चालत दहा मिनिटांवरची. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना "तुम्ही कुठं खेळायचात?" एवढं विचारलं तरी निम्मा नकाशा मिळतो: जुनं खळं, गावठाणातला निंब, मारुतीच्या पारामागची चिंच. पांझरा नदीच्या काठी फड पद्धतीच्या, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घेण्याच्या, जुन्या बंधाऱ्यांवरून निघालेले पाट आहेत. त्यांच्या शेवटच्या, घोट्याएवढ्या पाण्याच्या चारीत पानांच्या होड्या छान पळतात, मोठा कालवा मात्र वर्ज्य. धुळे-नंदुरबारच्या बाजूला माळावर भिंतीसारखे सरळ, लांबच लांब दगडी कणे दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांत लाव्हा थिजला, त्या भेगांचे हे साचे. त्यावर चढणाऱ्या पोराला हे जरूर सांगावं. शेत कुणाचं आहे ते विचारून, बांधावरची बोरं खाल्ली तर सांगून, एवढी रीत पाळली की शेतकरी सहसा नाही म्हणत नाहीत. मला तर त्यांनी वर पेरूही दिले आहेत.

परत जायच्या आदल्या दिवशी भाचीनं पात्रातून दोन पांढऱ्या गारगोट्या उचलून आणल्या. बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या कातळाच्या, पोकळ्यांत सिलिका हे खनिज साठून त्या घडतात. याच खडकातले झिओलाइटचे स्फटिक जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या खाणींतून जगभरच्या संग्रहांत गेले आहेत, हे मी तिला सांगत होतो, पण तिचं लक्ष नव्हतं. रात्री वीज गेली. मी खिडकी लावून घेतली आणि तिला गारगोट्या एकमेकींवर जोरात घासायला सांगितल्या. घासताना स्फटिकांचे बारीक कण तुटतात आणि त्या क्षणी प्रकाश बाहेर पडतो. अंधारात तिच्या मुठींमध्ये दगडांच्या आतून पिवळसर उजेड लुकलुकला, जळकट वास आला. ती गप्प झाली. मग अंधारातूनच आवाज आला, "मामा, दार पण लाव. अजून एकदा."