धर्मग्रामांचे संयुक्त नियोजन (पुणे)

शेजारच्या कॅथलिक धर्मग्रामांनी, म्हणजे पॅरिशनी (एका चर्चभोवतीचा भाविकांचा समुदाय), आपली वेगळी ओळख न मोडता धर्मगुरू, वास्तू, वेळ आणि पैसा यांचा पुढच्या काही वर्षांसाठी एकत्र विचार करणे, याला संयुक्त नियोजन म्हणतात. मिस्सांच्या, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनाविधींच्या वेळा, मुलांचे धर्मशिक्षण, विवाहपूर्व मार्गदर्शन, दफनभूमी आणि नव्या चर्चची जागा हे त्यातले नेहमीचे विषय.

१९८३ च्या कॅनन लॉमधील, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातील, ३७४ वे कलम शेजारच्या धर्मग्रामांचे गट करण्याची मुभा देते. अशा गटाला डीनरी आणि त्यावर नेमलेल्या धर्मगुरूला डीन म्हणतात. धर्मगुरू अपुरे असतील तर एकाकडेच अनेक धर्मग्राम सोपवता येतात (कलम ५२६). धर्मग्राम स्थापणे, बंद करणे किंवा बदलणे हा अधिकार मात्र एकट्या बिशपांचा, म्हणजे अनेक धर्मग्राम मिळून होणाऱ्या धर्मप्रांताच्या प्रमुखांचा. त्याआधी धर्मगुरूंच्या परिषदेचे म्हणणे त्यांनी ऐकून घ्यावे लागते (कलम ५१५). प्रापंचिकांचा, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या भाविकांचा सहभाग असलेली पॅरिश परिषद सल्ला देण्यापुरती, आणि तीही बिशपांना योग्य वाटल्यास. अर्थसमिती मात्र प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे. कायद्याने माणसांपेक्षा हिशेबाची काळजी अधिक घेतली, असे कोणी म्हटले तर रागावता येणार नाही.

पाश्चात्त्य देशांत हा विषय बहुधा माणसांच्या ओहोटीतून येतो. शिकागोच्या महाधर्मप्रांतात २०१६ पासून राबवलेल्या मोहिमेत अनेक धर्मग्राम एकमेकांत विलीन झाले. व्हॅटिकनच्या २०२० च्या सूचनापत्रात मात्र धर्मगुरूंची टंचाई किंवा धर्मप्रांताची आर्थिक ओढाताण एवढ्याच कारणावरून धर्मग्राम मिटवू नये, असे बजावले आहे.

पुण्याचा प्रश्न वेगळा आहे. इथे माणसे घटली म्हणण्यापेक्षा हलली. जुनी चर्च जिथे सैन्य आणि सरदार होते तिथे उभी राहिली: पेशव्यांनी पोर्तुगीज ख्रिस्ती सैनिकांसाठी दिलेल्या जागेवरचे नाना पेठेतील सिटी चर्च अठराव्या शतकाच्या अखेरचे, तर सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल १८५० चे, आयरिश सैनिकांच्या काळातले. कॅम्प, घोरपडी, खडकी हा पट्टा त्यामुळे चर्चनी गजबजला. वस्ती मात्र पिंपरी-चिंचवडचे कारखाने, हडपसर आणि वाघोलीच्या दिशेने सरकली. एका टोकाला जुन्या, प्रशस्त वास्तू, दुसऱ्या टोकाला नवी कुटुंबे. संयुक्त नियोजनाचे खरे काम या दोन टोकांना जोडण्याचे.

धर्मप्रांताची हद्दही बदलत आली आहे. १८८६ मध्ये स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतातून १९८७ साली नाशिक आणि २००५ साली सिंधुदुर्ग वेगळे झाले. नगर जिल्ह्यातील हरेगावच्या मतमाउलीची (येशूची आई मरिया) यात्रा नाशिककडे गेली, पण त्या जिल्ह्यातून पुण्यात आलेली मराठी कुटुंबे दर सप्टेंबरला तिकडेच निघतात. सीमा नकाशावर बदलते. माणसांच्या पायांना ती कळायला वेळ लागतो.

सगळ्यात नाजूक प्रश्न भाषेचा. इंग्रजी, मराठी, कोकणी, तमिळ बोलणारे कॅथलिक शहरभर विखुरलेले आहेत. प्रत्येक चर्चमध्ये प्रत्येक भाषेची मिस्सा ठेवणे धर्मगुरूंच्या संख्येला झेपणारे नाही. म्हणून शेजारच्या चर्चनी भाषा वाटून घ्याव्यात, हा कागदावर सोपा उपाय. पण मराठी मिस्सा दुपारच्या आडवेळी ढकलली, तर ती कोणासाठी दुय्यम ठरली हे सांगावे लागत नाही. शिवाय याच शहरातल्या कॅथलिकांवर पुण्याच्या लॅटिन (रोमन परंपरेच्या) धर्मप्रांताखेरीज सिरो-मलबार (धर्मप्रांताचे केंद्र कल्याण, स्थापना १९८८) आणि सिरो-मलंकारा (केंद्र खडकी) या केरळातून आलेल्या पौर्वात्य परंपरांच्या स्वतंत्र बिशपांचाही अधिकार चालतो. शेजारी राहणारी दोन कॅथलिक घरे त्यामुळे दोन वेगळ्या बिशपांच्या अखत्यारीत असू शकतात, आणि लॅटिन डीनच्या बैठकीत त्यांपैकी एकाचीच गणती होते.

मालमत्ता हा आणखी एक अडथळा. चर्चच्या कायद्यानुसार प्रत्येक धर्मग्राम स्वतंत्र व्यक्तीसारखा असल्याने गटात आला म्हणून त्याचा पैसा शेजाऱ्याचा होत नाही. त्यामुळे एकत्र कामाची सुरुवात बहुधा बिनखर्ची गोष्टींनी होते: विवाहपूर्व वर्ग एकाच ठिकाणी, युवकांचे शिबिर सामायिक, ईस्टरआधीच्या उपवासकाळातले पापनिवेदन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) वेगवेगळ्या चर्चमध्ये वेगवेगळ्या संध्याकाळी, जेणेकरून आसपासचे सगळे धर्मगुरू प्रत्येक ठिकाणी बसू शकतील.