लिंबल मूलपेशी प्रत्यारोपण

भाजल्यामुळे किंवा आजारामुळे नष्ट झालेला कॉर्नियाचा पृष्ठभाग मूलपेशींपासून पुन्हा उगवून आणण्याची शस्त्रक्रिया. मूलपेशी म्हणजे स्वतः टिकून राहून नव्या पेशींचा पुरवठा करत राहणाऱ्या पेशी. कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या अगदी पुढचा पारदर्शक पडदा. मूलपेशींच्या मदतीने शरीराचा गमावलेला भाग नव्याने तयार करता येईल का, या प्रश्नावर जगभर संशोधन चालू आहे आणि त्यातले बरेचसे अजून प्रयोगशाळेत किंवा चाचण्यांच्या टप्प्यावर आहे. रक्त, त्वचा आणि कॉर्निया या तीन ठिकाणी मात्र या संशोधनाचा प्रत्यक्ष रुग्णांना फायदा झालेला आहे. कॉर्नियाच्या बाबतीत भारताने केवळ परदेशी तंत्र आणून वापरले असे नाही. इथल्या शल्यविशारदांनी ते इतके सोपे केले की आता ते परदेशातही वापरले जाते.

रचना

कॉर्निया मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात आणि म्हणूनच तो काचेसारखा स्वच्छ राहतो. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः अश्रूंत विरघळलेल्या हवेतून मिळतो. सर्वांत बाहेरचा थर पेशींच्या पाच ते सात ओळींचा असतो. पापण्यांची उघडझाप होताना वरच्या पेशी सतत गळून जातात आणि साधारण आठ-दहा दिवसांत हा सगळा थर नवा झालेला असतो. जन्मभर चालणाऱ्या या नूतनीकरणाचा साठा कॉर्नियाच्या कडेला असतो. डोळ्याचा गडद गोल संपून पांढरा भाग सुरू होतो त्या सीमेवरच्या एक-दीड मिलिमीटर रुंदीच्या वर्तुळाकार पट्टीला लिंबस म्हणतात. आपल्याकडच्या लोकांच्या डोळ्यांत या पट्टीत रंगद्रव्य भरपूर असते. त्यामुळे नेत्रतज्ज्ञाने स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर तिथे एकमेकींना लागून उभ्या असलेल्या बारीक तपकिरी रेघा दिसतात. या रेघांच्या खाचांच्या तळाशी मूलपेशी असतात.

लिंबस हाच कॉर्नियाच्या पेशींचा उगम असावा, असा तर्क डॅव्हँगर आणि एव्हेन्सेन यांनी 1971 मध्ये मांडला. न्यूयॉर्कमधील तुंग-तिएन सुन यांच्या गटाने 1986 मध्ये केराटिन या प्रथिनाच्या अभ्यासातून आणि 1989 मध्ये क्वचितच विभागणाऱ्या पेशी हुडकून त्याला भक्कम आधार दिला. मूलपेशी क्वचितच विभागते. विभागली की एक पेशी जागेवर राहते आणि दुसरीची वंशावळ वाढत वाढत कॉर्नियाच्या मध्याकडे सरकते. आपली जागा सोडली की ती पेशी मूलपेशी राहत नाही. शेजारच्या पेशी, खालचे रक्ताभिसरण आणि खाचेतला आडोसा हे सगळे मिळून तिला मूलपेशी म्हणून टिकवून ठेवतात. अवयव उगवण्याच्या चर्चेत ही गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते. नुसत्या पेशी असून भागत नाही, त्यांना टिकवणारी जागाही लागते.

हानी कशी होते

आम्लापेक्षा अल्कली डोळ्याला जास्त घातक असते. आम्लाने पृष्ठभागावरची प्रथिने गोठतात आणि गोठलेल्या थरामुळे ते बरेचदा तिथेच अडते. अल्कली मात्र पेशीपटलातील स्निग्ध पदार्थांचा साबण करत आत शिरते. भारतात, आणि तंबाखू मळणाऱ्या महाराष्ट्रातही, हा अल्कली बहुतेक वेळा खायचा चुना असतो. घरातल्या मोठ्यांची चुन्याची प्लॅस्टिकची पुडी किंवा ट्यूब लहान मूल हातात घेते आणि जोरात दाबते. ती फुटते आणि चुन्याची पिचकारी थेट डोळ्यात जाते. चुना घट्ट आणि चिकट असल्याने पापणीखाली अडकून बसतो आणि तासन्‌तास पोळत राहतो. अशा वेळी पहिले काम डोळा धुण्याचे. स्वच्छ पाण्याने किमान अर्धा तास, पापणी उलटून, चुन्याचे कण निघेपर्यंत डोळा धुवावा आणि मग तडक नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. हा चुना आधीच विरलेला असतो. कळीच्या चुन्यासारखा तो पाणी लागल्यावर उकळत नाही, त्यामुळे धुवायला घाबरण्याचे कारण नाही. दूध, तूप, मध यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये.

कारखान्यातील रसायने, स्वच्छतागृहासाठीचे आम्ल, औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेतून होणारा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम आणि काही जन्मजात दोष ही इतर कारणे. स्टीव्हन्स-जॉन्सनमध्ये सहसा दोन्ही डोळे जातात आणि पुढचा उपचार त्यामुळे फार अवघड होतो.

लिंबसमधल्या मूलपेशी संपल्या की कॉर्नियावर नव्या पेशी येणे थांबते. मग डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा आपल्या रक्तवाहिन्यांसह कॉर्नियावर चढतो. डोळा कायम लाल राहतो, पाणी येते, उजेड सहन होत नाही आणि शेवटी डोळ्यात फूल पडून दिसेनासे होते. इथे नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवूनही उपयोग होत नाही. त्याच्या मधल्या भागावर मूलपेशी नसतात. काही महिन्यांत त्याचाही पृष्ठभाग झिजतो आणि तोच लाल पडदा पुन्हा वर चढतो. नेत्रपेढीतून कॉर्निया मिळूनही अंध राहणारे जे रुग्ण होते, त्यांतल्या अनेकांचे कारण हेच होते.

उपचाराचा विकास

केनिथ केन्यन आणि शेफर त्सेंग यांनी 1989 मध्ये धडधाकट डोळ्याच्या लिंबसचे मोठे तुकडे काढून आजारी डोळ्याला लावले. पद्धत परिणामकारक होती, पण धोका उघड होता. चांगल्या डोळ्याचा साठा जास्त काढला, तर तोही डोळा आजारी पडू शकतो.

यातून मार्ग काढला तो त्वचेवरच्या संशोधनाने. अमेरिकेतील हॉवर्ड ग्रीन यांनी 1975 मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी उंदराच्या पेशींच्या थरावर वाढवण्याची रीत शोधली आणि पुढे गंभीर भाजलेल्या रुग्णांसाठी त्वचेच्या चकत्या तयार होऊ लागल्या. त्यांच्याकडे शिकलेले मिकेले दे लुका आणि ग्रॅझिएला पेलेग्रिनी यांनी इटलीत हीच रीत कॉर्नियाला लावली. दोन रुग्णांच्या चांगल्या डोळ्यातून एक-दोन चौरस मिलिमीटरचा तुकडा घेऊन त्यांनी त्यातल्या पेशी वाढवल्या आणि आजारी डोळ्यावर बसवल्या. हा अहवाल 1997 मध्ये आला. 2010 मध्ये 112 रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: 76.6 टक्के डोळ्यांचा पृष्ठभाग कायमचा सुधारला. वाढवलेल्या पेशींत खऱ्या मूलपेशी तीन टक्क्यांहून अधिक असल्या, तर यशाचे प्रमाण 78 टक्के होते. त्याहून कमी असल्या, तर अवघे 11 टक्के. लाखो पेशींच्या चकतीचे भवितव्य तिच्यातल्या मूठभर मूलपेशींवर ठरते, हे या आकड्यांतून दिसले. मूलपेशी उपचारांच्या इतिहासात इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळाला आहे. याच पद्धतीवर आधारलेल्या होलोक्लार या उपचाराला फेब्रुवारी 2015 मध्ये युरोपात सशर्त मान्यता मिळाली. मूलपेशींवर आधारित औषध म्हणून युरोपात मान्यता मिळालेले ते पहिलेच.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत 2001 पासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या लिंबल पेशींचे प्रत्यारोपण सुरू झाले. इथे उंदराच्या पेशी न वापरता बाळाभोवतीच्या गर्भजलाच्या पिशवीच्या पडद्यावर पेशी वाढवल्या जात. सिझेरियन प्रसूतीनंतर मातेच्या संमतीने मिळालेली वार तपासून, त्यावरचा हा पडदा सोलून घेतात. 2011 मध्ये संस्थेने 200 रुग्णांचे निष्कर्ष दिले आणि यश 71 टक्के होते. तरीही अडचण उरतच होती. निर्जंतुक प्रयोगशाळा, प्रशिक्षित माणसे, दोन आठवड्यांचा काळ आणि दोनदा शस्त्रक्रिया हे सगळे जिल्ह्याच्या रुग्णालयाला परवडण्यासारखे नव्हते.

वीरेंद्र सांगवान, सायन बसू, शीला मॅकनील आणि डी. बालसुब्रमणियन यांनी 2012 मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रयोगशाळाच वगळली. तिला स्लेट (SLET, म्हणजे सिंपल लिंबल एपिथेलियल ट्रान्सप्लांटेशन) असे संक्षिप्त नाव आहे. चांगल्या डोळ्याच्या लिंबसमधून साधारण दोन मिलिमीटर लांब आणि तेवढाच रुंद तुकडा घेतात. आजारी डोळ्यावर चढलेला लाल पडदा खरवडून काढतात, त्या जागी गर्भजलाच्या पिशवीचा पडदा फायब्रिन ग्लू या रक्तातील प्रथिनाच्या डिंकाने चिकटवतात. मग तो छोटा तुकडा कात्रीने आठ-दहा बारीक कणांत कापून, नजरेचा मध्य मोकळा ठेवून, कण गोलाकार मांडतात आणि पुन्हा ग्लूने बसवतात. वर संरक्षणासाठी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ठेवतात. अंतराअंतराने लावलेले गवताचे ठोंब पसरून मधली जमीन झाकतात, तसे या कणांतून पेशी पसरत जातात आणि साधारण दोन आठवड्यांत कॉर्निया झाकला जातो. पेशी जिथे हव्यात तिथेच, रुग्णाच्या डोळ्यात, वाढतात. 2016 च्या अहवालात 125 रुग्णांपैकी 76 टक्के डोळ्यांचा पृष्ठभाग टिकला. त्या 125 मध्ये 60 मुले होती, आणि ज्या समाजात चुन्याची पुडी मुलांच्या हाताला लागते तिथे हा आकडा फार मोलाचा आहे.

या कल्पनेचे खरे मोठेपण तिच्या साधेपणात आहे. मूलपेशी संशोधनाचा बहुतेक पैसा महाग यंत्रणांकडे जात असताना, एकाच बैठकीत आणि नेहमीच्या शस्त्रक्रियागृहात होणारा उपचार तयार झाला.

दोन्ही डोळे गेले तर

चांगला डोळाच उरला नसेल, तर पेशी दुसरीकडून आणाव्या लागतात. जपानमधील कोजी निशिदा यांनी 2004 मध्ये चार रुग्णांच्या गालाच्या आतल्या अस्तरातील पेशी वाढवून त्यांच्या कॉर्नियावर बसवल्या. त्याच काळात मूलपेशी विज्ञानाला मोठे वळण मिळाले. शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशीत चार जनुके घालून तिला भ्रूणातल्या पेशीसारखी सर्वक्षम, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणारी, अवस्था परत मिळवून दिली. त्यांना आणि जॉन गर्डन यांना 2012 चे नोबेल मिळाले. अशा प्रेरित पेशींपासून ओसाकात कॉर्नियाचा थर तयार झाला आणि 2019 मध्ये तो पहिल्या रुग्णाला बसवला गेला. 2024 मध्ये चार रुग्णांचे दोन वर्षांचे निष्कर्ष आले. गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत. तिघांची सुधारणा वर्षाहून अधिक टिकली.

कॉर्नियाच्या आतल्या बाजूच्या पेशींवर क्योटोत शिगेरू किनोशिता यांच्या गटाने काम केले. तिथे वाढवलेल्या पेशी डोळ्यात इंजेक्शनने सोडतात आणि त्या खाली बसून चिकटाव्यात म्हणून रुग्णाला तीन तास पालथे झोपवतात. 11 रुग्णांवरचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. मधला जाड थर मात्र अजून कोणालाच नीट जमलेला नाही. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद संस्था, तिथलीच आयआयटी आणि सीसीएमबी ही पेशी व रेणू जीवशास्त्राची संस्था यांनी मिळून त्रिमितीय मुद्रणाने तयार केलेला कॉर्निया 2022 मध्ये सशाच्या डोळ्यात बसवला.

इतर अवयव आणि मर्यादा

कॉर्निया पातळ आहे, त्याला रक्तपुरवठा लागत नाही, तो बाहेरून दिसतो आणि बिघडला तर लगेच कळते. मूत्रपिंड किंवा हृदयाचे तसे नाही. तिथे अनेक प्रकारच्या पेशी, रक्तवाहिन्यांचे जाळे आणि नसा एकाच वेळी आणि योग्य रचनेत उभ्या राहाव्या लागतात. म्हणून यश आले आहे ते मुख्यतः पेशींचा थर किंवा पुंजका पुरेसा असेल तिथे. रक्ताच्या बाबतीत अस्थिमज्जा प्रत्यारोपण भारतात 1983 पासून होत आहे आणि पहिले मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. दे लुका यांच्या गटाने 2015 मध्ये जर्मनीतील एका सात वर्षांच्या मुलाची सुमारे 80 टक्के बाह्यत्वचा, जनुकीय दोष दुरुस्त करून, नव्याने उगवली. टाइप 1 मधुमेहात मूलपेशींपासून बनवलेल्या स्वादुपिंडाच्या पेशी दिलेल्या 12 जणांपैकी 10 जणांना वर्षानंतर इन्सुलिन घ्यावे लागले नाही, असे 2025 मध्ये दिसले. मात्र त्यांना शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू ठेवावी लागतात.

हात-पाय उगवणे ही वेगळी गोष्ट आहे. ॲक्झोलॉटल नावाचा सॅलामँडर, म्हणजे सरड्यासारखा दिसणारा उभयचर, तुटलेला पाय पूर्ण उगवतो. हायड्रा या गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या प्राण्याच्या छोट्या तुकड्यापासून सबंध प्राणी तयार होतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने पुण्यातच सापडलेल्या हायड्रावर पुनर्जननाचा दीर्घ अभ्यास केला आहे. माणसात यकृत वाढून गेलेले आकारमान भरून काढते आणि लहान मुलांच्या बोटाचे टोक, जखम न शिवता नुसती झाकून ठेवली तर, पुन्हा वाढल्याच्या नोंदी आहेत. त्यापलीकडे प्रौढ माणसाचा अवयव उगवण्याचे तंत्र आज कोणाकडेही नाही.

तसे आश्वासन देणारे मात्र पुष्कळ आहेत. अमेरिकेत पोटाच्या चरबीतून काढलेल्या तथाकथित मूलपेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतलेल्या तीन स्त्रियांची दृष्टी गेली. त्यांचा अहवाल 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. पाओलो माक्कियारिनी या शल्यविशारदाने मूलपेशी लावलेल्या कृत्रिम श्वासनलिका बसवल्या. त्याचे बहुतेक रुग्ण दगावले आणि स्वीडनच्या न्यायालयाने 2023 मध्ये त्याला तुरुंगवासाची शिक्षा दिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या विकारांसाठी होणारे अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचे इतर वापर संशोधन मानले जातात आणि ते मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतात. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेणे त्यात बसत नाही. गुडघेदुखी, स्वमग्नता किंवा मधुमेह मूलपेशींनी बरा करू असे सांगून कोणी लाखांचे बिल पुढे करत असेल, तर रुग्णाने चाचणीचा नोंदणी क्रमांक आणि नैतिक समितीची परवानगी मागावी. चाचणी खरी असेल, तर हे दोन्ही कागद दाखवता येतात.

स्लेटच्या बाबतीतही काही गोष्टी अजून ठरायच्या आहेत. यशस्वी डोळ्यांत पंधरा-वीस वर्षांनी मूलपेशी किती उरतात आणि लावलेल्या कणांभोवती लिंबससारख्या खाचा खरोखर तयार होतात का, यासाठी त्याच रुग्णांचा पाठपुरावा लागेल. डोळा शांत झाल्यावर ज्यांच्या कॉर्नियाच्या आतल्या थरात डाग राहतो, त्यांना पुढे नेत्रदानातून मिळालेल्या कॉर्नियाची गरज लागतेच, आणि पृष्ठभाग तयार असल्याने तो आता टिकण्याची शक्यता वाढलेली असते.