टँकर आला की मोटार बंद

"माह्या सुनेले चार सुया टोचल्या. स्टिरॉइड व्हय म्हणे. आता तिचं हार्मोन बिघडन."

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आशाताईंच्या ओट्यावर एका काकूंनी हे सांगितलं. सुनेला सातव्या महिन्यातच कळा आल्या होत्या. बाळ 34 आठवड्यांआधी येईल असं दिसलं की डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात: 6 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी, चार वेळा. बाळाची फुप्फुसं त्यानं लवकर तयार होतात. याच जातीच्या औषधाचा हा गुण लिगिन्स आणि हॉवी यांनी न्यूझीलंडमधून 1972 साली मांडला.

पण काकूंना काळजी सुनेची, आणि ती अगदीच बिनबुडाची नाही.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवतात. हुकूम मेंदूतून सुटतो: मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचं सीआरएच हे हार्मोन, त्यावरून मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं एसीटीएच. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं झालं की हुकूम थांबतो, टाकी भरल्यावर फ्लोट मोटार बंद करतो तसा. डेक्सामेथासोन म्हणजे बाहेरून आलेला टँकर. टाकी भरते, मोटार थांबते. या दिवसांत कॉर्टिसॉल तपासलं तर खाली गेलेला आकडा घाबरवतो, कारण ती तपासणी विहिरीचंच पाणी मोजते, टँकरचं नाही.

वारेचा (प्लासेंटाचा) कारभार मात्र उलटा, आणि मला तोच फार आवडतो. वारही सीआरएच बनवते, पण कॉर्टिसॉल वाढलं की ती आणखी बनवते! शेवटच्या महिन्यांत आईचं कॉर्टिसॉल एरवीच्या 2-3 पट असतं. मग बाळ कसं वाचतं? वारेतलं 11-बीटा-एचएसडी-2 हे विकर (एन्झाइम) कॉर्टिसॉलचं निष्क्रिय कॉर्टिसोन करून टाकतं. प्रेडनिसोलोन हे दुसरं स्टिरॉइडही बहुतांशी तिथंच अडतं. डेक्सामेथासोनच्या रेणूवर फ्लोरिनचा अणू आहे, त्यामुळे विकराचं त्याच्यापुढे फारसं चालत नाही. बाळासाठी हेच औषध निवडतात ते म्हणून.

दोन दिवसांच्या सुयांनी थांबलेली मोटार साधारण आठवडाभरात पुन्हा सुरू होते. साखर मात्र काही दिवस चढते. मधुमेह असलेल्या आईची ती तपासत राहावी लागते.

खरी भीती बाजारातल्या बिननावाच्या पुड्यांची. गुडघेदुखीवर 'जडीबुटी' म्हणून विकलेल्या अशा पुड्यांत स्टिरॉइड सापडलेलं आहे. महिनोन्‌महिने घेतलं तर मोटार जाम होते, ग्रंथी आक्रसतात. मग पुडी अचानक बंद झाली की रक्तदाब कोसळू शकतो. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही मनानं सोडायच्या नसतात, त्या याचसाठी. अशा बाईनं बाळंतपणाला दाखल होतानाच गोळ्या, पुड्या सगळं डॉक्टरांपुढे ठेवावं. कळा सोसायला लागणारं कॉर्टिसॉल तिला हायड्रोकॉर्टिसोनच्या सुईनं द्यावं लागू शकतं.