काळी मारबत राखाडी काऊन दिसते? छोट्या एचडी कॅमकॉर्डरचं थोडं विज्ञान

तान्ह्या पोळ्याला नागपूरच्या इतवारीत मावशीच्या पहिल्या मजल्यावरून मी मारबतीचं, म्हणजे ईडा-पीडा घेऊन जाणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचं, शूटिंग करत होतो. खाली पाय ठेवायला जागा नाही, ढोल, गुलाल, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" चा गजर, मध्येच पावसाची एक सर, आणि काळी मारबत समोर आली तशी मी झूम करून तिला फ्रेमभर घेतलं. संध्याकाळी कॅमेरा टीव्हीला जोडला आणि मावशी पहिल्याच मिनिटाला म्हणाली, "काऊन रे, काळी मारबत अशी राखेसारखी काऊन दिसून राहिली?" खरंच तसं होतं. मारबत राखाडी, मागचं आभाळ पांढरंफटक, लोकांचे चेहरे धुऊन काढल्यासारखे. पिवळी मारबत मात्र उलट, हळदीचा तो लखलखीत रंग जाऊन मळकट मोहरीसारखी झालेली.

कॅमेऱ्यात काहीच बिघाड नव्हता. हातात मावणारे हे एचडी कॅमकॉर्डर, आपण ज्यांना सरसकट हँडीकॅम म्हणतो, ते ऑटोवर असले की समोर काय आहे ते त्यांना कळत नसतं, एकूण उजेड किती येतोय एवढंच ते मोजतात. आणि सगळं चित्र मिळून साधारण मधल्या करड्या छटेएवढं असावं असं धरून चालतात, म्हणजे पडलेल्या उजेडातला १८ टक्के परत पाठवणारी छटा. फ्रेमभर काळं आलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो. फ्रेमभर चकचकीत पिवळं आलं की तो दाबतो. काळ्याचं करडं आणि पिवळ्याचं मळकट, दोन्ही एकाच हिशोबातून झालं होतं.

उपाय सोपा आहे पण आधी करून ठेवायचा असतो. बहुतेक छोट्या कॅमकॉर्डरच्या मेनूत मॅन्युअल एक्सपोजर किंवा स्पॉट मीटर असतं. त्याच उजेडात उभ्या असलेल्या एखाद्या गव्हाळ चेहऱ्यावर किंवा कोरड्या डांबरी रस्त्यावर स्क्रीनवर बोट ठेवायचं, एक्सपोजर तिथे लॉक करायचं, आणि मग काळी येवो की पिवळी, हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी मी तेच केलं, काळी काळी आली आणि तिच्या साडीच्या काठाचा रंगही दिसला.

आता हा कॅमेरा कमी उजेडात इतका का अडखळतो ते सांगतो, कारण ते कळलं की बाकीच्या निम्म्या गोष्टी आपोआप कळतात. स्वस्तातल्या बऱ्याच कॅमकॉर्डरमध्ये सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, १/५.८ इंची असतो. हा इंच खरा इंच नाही, जुन्या काळच्या कॅमेरा ट्यूबच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आलेलं माप आहे ते, प्रत्यक्षात त्या सेन्सरचा कर्ण जेमतेम ३ मिलिमीटर भरतो. म्हणजे तिळाएवढा! मोठ्या फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या सेन्सरचं क्षेत्रफळ याच्या साधारण दोनशे पट. आणि त्या तिळावर एचडीचे १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाखांहून जास्त ठिपके बसवलेले, एका केसाच्या जाडीत पन्नासेक ठिपके मावतील इतके बारीक.

प्रकाश हा कणाकणाने येतो, पावसाच्या थेंबांसारखा. अंगणात दहा छोट्या वाट्या ठेवल्या, तर जोराच्या पावसात सगळ्या वाट्या जवळपास सारख्या भरतात, पण चार थेंब पडून पाऊस थांबला तर एका वाटीत तीन थेंब, दुसरीत एकही नाही. गणित असं, की एखाद्या ठिपक्यावर सरासरी १०,००० कण पडत असले तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का, तो डोळ्याला दिसत नाही. १०० च कण पडत असले तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के, आणि हेच ते अंधारातल्या शूटिंगमध्ये वळवळणारे दाणे. कॅमेरा मग गेन वाढवतो, म्हणजे मिळालेला संकेत फुगवतो, ६ डेसिबल म्हणजे दुप्पट, १८ डेसिबल म्हणजे आठपट, पण गेनने नवीन प्रकाश येत नाही, चित्राबरोबर दाणेही तेवढेच मोठे होतात.

सेन्सर बनवणाऱ्यांनी यावर चांगलं काम केलं आहे. पूर्वी सेन्सरच्या तारा प्रकाशाच्या वाटेत असायच्या. सोनीने २००९ मध्ये घरगुती कॅमकॉर्डरमध्ये उलटा बसवलेला सेन्सर आणला, तारा मागे आणि प्रकाश घेणारा भाग पुढे, त्याने अंधारातलं चित्र बरंच सुधारलं. पण तीळ तो तीळच. त्यामुळे माझं म्हणणं एकच आहे की या कॅमेऱ्याचं काम हलकं करा, जे आपल्याला आधी करता येतं ते त्याच्यावर टाकू नका. घरातल्या बारशाला पडदे उघडा, जास्तीचा दिवा लावा, बाळाला खिडकीच्या बाजूला घ्या, आणि शक्य असेल तर झूम करण्यापेक्षा चालत जवळ जा. हे शेवटचं फार महत्त्वाचं. झूम पुढे नेला की लेन्सचं तोंड त्या मानाने लहान पडतं, (एफचा आकडा जितका मोठा तितकं तोंड लहान) एफ/१.८ ची लेन्स पूर्ण झूमवर एफ/४ होत असेल तर प्रकाश जवळजवळ पाचपट कमी झाला. डिजिटल झूम तर सेटिंगमधून बंदच करून टाका, तो फक्त मधला तुकडा कापून ताणतो.

ट्रायपॉडबद्दल लोकांना वाटतं की चित्र हलू नये एवढ्यासाठीच तो असतो. पण छोट्या एचडी कॅमेऱ्यात त्याचा त्याहून मोठा फायदा आहे. एचडीचं कच्चं चित्र सेकंदाला २५ फ्रेमने साठवायचं तर रंगाचा तपशील आधीच कापूनसुद्धा सेकंदाला साधारण ६२० मेगाबिट लागतात, आणि २००६ मध्ये आलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत ते २४ मेगाबिटच्या आत बसवायचं असतं, म्हणजे पंचवीस-सव्वीस पट दाबून. हे जमतं कसं, तर अर्ध्या सेकंदाला वगैरे एक पूर्ण फ्रेम लिहायची आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहायचं. भिंत जागेवर आहे, झाड जागेवर आहे, फक्त माणूस हलला, मग सगळे बिट त्या माणसाला मिळतात. पण कॅमेराच हातात थरथरत असेल तर भिंत, झाड, आभाळ सगळंच दर फ्रेमला सरकतं, आणि तेच बिट सगळ्यांत वाटले जाऊन चेहरा मऊ पडतो, कडेला चौकोनी ठिगळं दिसायला लागतात. फुटाळा तलावाच्या काठावर उभं राहून एकदा करून बघा: तोच सीन एकदा हातात धरून घ्या, एकदा कॅमेरा कठड्यावर ठेवून. पाण्यावरची चमचम आणि मागची झाडं दोन्ही टीव्हीवर लावून पाहिलीत तर वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी काढल्यासारखी वाटतील.

गर्दीत ट्रायपॉड नेता येत नाही, मारबतीत तर नाहीच. तिथे मी सुतळी वापरतो. कॅमकॉर्डरच्या खाली ट्रायपॉडचं जे भोक असतं ते पाव इंची आट्याचं असतं, हार्डवेअरच्या दुकानातून तेवढा आखूड बोल्ट आणायचा (लांब नको, आतून कॅमेऱ्याला लागेल), त्याला सुतळी बांधायची, दुसरं टोक बुटाखाली दाबायचं आणि कॅमेरा डोळ्यासमोर घेऊन सुतळी ताणायची. वर-खालीचा थरथराट जवळजवळ जातो. आणि हो, कॅमेरा खऱ्या ट्रायपॉडवर असेल तेव्हा स्टेडी मोड (थरथराट आपोआप सावरणारा) बंद ठेवा, नाहीतर तो नसलेला धक्का शोधत बसतो आणि कॅमेरा फिरवणं थांबवताना चित्र थोडं सरकतं.

ट्यूबलाईटचा त्रास वेगळा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले बरेच एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, डोळ्याला कळत नाही. शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी प्रकाश घेण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद असेल तर प्रत्येक फ्रेमला पूर्ण पूर्ण हेलकावे मिळतात आणि उजेड सारखा राहतो. अमेरिकेतून कोणी नातेवाइकाने कॅमेरा आणला असेल तर तो बहुतेक सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशोबाचा असतो, ६० आणि १०० चा मेळ बसत नाही आणि हॉलमधलं सगळं शूटिंग लुकलुकतं. असा कॅमेरा असेल तर शटर मॅन्युअलवर १/१०० करा, लुकलुक जवळजवळ थांबते. सेटिंगमध्ये ५०आय आणि ५०पी दोन्ही दिसत असतील तर ५०पी घ्या, आय मध्ये एका वेळी अर्ध्याच ओळी घेतल्या जातात आणि कॉम्प्युटरवर हलत्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात.

आता आपला उन्हाळा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो आणि या कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तकात वापराची मर्यादा साधारण ४० अंश लिहिलेली असते. सेन्सर तापला की प्रकाश नसतानाही त्यात वीज झिरपते, दर सहा-सात अंशांना ती जवळपास दुप्पट होते, म्हणजे दाणे वाढतात. उन्हात उभ्या केलेल्या कारमध्ये तर कॅमेरा कधीच ठेवू नका, बॅटरीचं आयुष्य तिथेच संपतं. मी पांढरा ओला न केलेला पंचा कॅमेऱ्यावर टाकतो, एवढ्यानेही फरक पडतो.

दुपारच्या उन्हात उजेड इतका जास्त असतो की कॅमेरा शटर १/१००० च्याही पुढे नेतो, कारण लेन्सचं तोंड फार बारीक केलं तर तिळाएवढ्या सेन्सरवर प्रकाश पसरून चित्र मऊ पडतं. मग क्रिकेट खेळणारी पोरं तुटक-तुटक पळताना दिसतात, प्रत्येक फ्रेम धारदार पण हालचालीत सलगपणा नाही. लेन्सपुढे एनडी-८ फिल्टर लावला की आठात एकच भाग प्रकाश आत जातो आणि शटर पुन्हा खाली येतं. अजून एक, दुपारी लांबचं झूम करूच नका. तापलेल्या रस्त्यावरची हवा विरळ-दाट होत राहते, प्रकाश वाकडातिकडा होतो आणि पंचवीस-तीसपट झूमवर सगळं पाण्यातून बघितल्यासारखं लहरतं, त्याला कुठलंच सेटिंग नाही. सकाळी सहा-साडेसहाला अंबाझरी तलावावर जा, जमीन अजून थंड असते, पलीकडचा काठ कसा स्वच्छ येतो ते बघा.

आवाजाबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ आहे, कारण चित्र थोडं खराब असलं तरी लोक बघतात, आवाज कळला नाही तर पाच मिनिटांत उठतात. मामेबहिणीच्या लग्नात, भर मे मध्ये, हॉलमध्ये चार मोठे कुलर घोंघावत होते. आजी तिला जवळ घेऊन काहीतरी सांगत होती, मी पाच-सहा मीटरवरून झूम करून घेतलं, चेहरे सुंदर आले आणि आवाज फक्त कुलरचा. आजीचे ते शब्द गेले ते गेलेच. झूमने चित्र जवळ येतं, माईक तिथेच राहतो. १ मीटरवरून ४ मीटरवर गेलं की बोलण्याचा आवाज सोळा पटीने क्षीण होतो, कुलर मात्र हॉलभर सारखाच. वरून कॅमेऱ्याची ऑटो लेव्हल, कोणी हळू बोललं किंवा थांबलं की ती आवाज वर उचलते, आणि वर येतो तो कुलर.

माईकची पिन बसत असेल तर साधा वायरचा कॉलर माईक घ्या. बऱ्याच छोट्या कॅमकॉर्डरला ती सोय नसते, तेव्हा मी मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून तो बोलणाऱ्याच्या खिशात देतो, कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवतो, आणि नंतर एडिटिंगमध्ये टाळीला टाळी जुळवतो. तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही घड्याळं थोडी पुढे-मागे होतात, म्हणून शेवटी पण एक टाळी वाजवायची. ढोल-ताशांच्या वेळी उलटा प्रश्न, आवाज फाटतो, तिथे मेनूत माईक लेव्हल लो असेल तर ती आधीच करून ठेवा, फाटलेला आवाज नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट शिवता येत नाही.

कार्डाचं बोलतो आणि थांबतो. २४ मेगाबिटला एका तासाचे जवळजवळ ११ जीबी होतात, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर पावणेतीन तास धरा, क्लास १० कार्ड पुरेसं आहे. लांब शूटिंगच्या फाईली कॅमेरा स्वतःच दोन किंवा चार जीबीचे तुकडे करून ठेवतो, म्हणून आतल्या एमटीएस फाईली एकेक उचलू नका, जोडताना सांध्यावर आवाज तुटू शकतो, कार्डावरचं पूर्ण फोल्डर जसंच्या तसं दोन ठिकाणी कॉपी करा. दोन्ही कॉपी उघडून, मधून-मधून चालवून बघा. कार्ड फॉरमॅट त्यानंतरच, आणि तेही कॅमेऱ्यातूनच.