वाढत्या मापाचे स्केट्स

लहान मुलांसाठी बूट घ्यायला निघालं की घरातून एक सूचना हमखास येते: "वाढत्या मापाचे घे." जूनमध्ये घेतलेले बूट पुढच्या जूनपर्यंत पुरायला हवेत, तोवर पुढे कापूस कोंबला की झालं. माझ्या भाचीला इनलाइन हॉकीचे, म्हणजे एका ओळीतल्या चाकांवर खेळायच्या हॉकीचे, पहिले स्केट्स घेताना मीही तेच केलं. दोन नंबर मोठे घेतले आणि पैसे वाचवल्याच्या समाधानात गोव्यातल्या फोंड्याला परतलो. मैदानावर पहिल्याच दिवशी कोचने तिच्या टाचेमागे बोट घालून पाहिलं. एक नाही, दोन बोटं सहज आत गेली. "पात्रांव, हे ताका व्हड जातात," एवढंच म्हणून तो दुसऱ्या मुलांकडे वळला. महिनाभरात पोरीच्या घोट्याच्या आतल्या बाजूला फोड आले, आणि वळताना तिचा पाय बुटाच्या आतच फिरू लागला. बूट सरळ जायचा, पाय डावीकडे.

शाळेच्या बुटाला चालणारी ही हिकमत स्केटला का चालत नाही, याचं उत्तर स्केटच्या इतिहासात सापडतं. त्याची सुरुवात झाली तेव्हा बूट हा स्केटचा भागच नव्हता.

उत्तर युरोपात जनावरांच्या हाडांचे तुकडे पायाला बांधून गोठलेल्या तळ्यांवरून जायची पद्धत फार जुनी. पुढे डच लोकांनी लाकडी तळाला लोखंडी पातं बसवलं आणि ते वादीने बुटाला बांधलं. शेकडो वर्षं मामला असाच होता: बूट रोजचा, पातं वरून बांधायचं. चाकांच्या स्केट्सचंही तेच. 1760 च्या दशकात जोसेफ मर्लिन नावाचा कारागीर लंडनमधल्या मेजवानीत व्हायोलिन वाजवत चाकांवरून आला आणि थांबता न आल्याने भल्या मोठ्या आरशावर जाऊन आदळला, अशी गोष्ट सांगतात. 1863 मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने चाकांच्या जोड्यांना रबराची गादी दिली. त्यामुळे अंग ज्या बाजूला कलेल त्या बाजूला स्केट वळू लागला. आपल्याकडे खेळण्यांच्या दुकानात मिळणारे लोखंडी, चार चाकांचे, खालचा नट सैल करून लांब-आखूड करायचे स्केट्स याच घराण्यातले. ते कोणत्याही पायाला होतात, कारण ते कोणत्याच पायाचे नसतात.

गोव्याच्या संदर्भात चार चाकांच्या स्केट्सना एक वेगळा पदर आहे. पोर्तुगालमध्ये चार चाकांवरची हॉकी फार लाडकी. 1947 मध्ये लिस्बनला त्यांनी जगज्जेतेपद मिळवलं आणि त्यानंतरही अनेकदा. पुढे त्या संघात मोझांबिक या तेव्हाच्या पोर्तुगीज वसाहतीतले खेळाडूही असत, आणि त्या काळी लोरेन्सो मार्किशमध्ये, म्हणजे आजच्या मापुतोत, गोंयकारांची मोठी वस्ती होती. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रदर्शनीय म्हणून खेळला गेला. फोंड्याच्या आमच्या मैदानावर मात्र पोरं खेळतात ती एका ओळीतल्या चाकांची, बर्फातल्या हॉकीवरून आलेली हॉकी. तिचा बूटही बर्फावरूनच आला.

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात डार्टमथला स्टार मॅन्युफॅक्चरिंग ही खिळे बनवणारी कंपनी होती. तिने 1860 च्या दशकात तरफेने घट्ट होणारी पकड असलेला स्केट आणला. स्क्रू नकोत, वाद्या नकोत. खटका दाबला की पातं बुटाच्या तळाला पकडून बसतं. 3 मार्च 1875 रोजी माँट्रियलच्या व्हिक्टोरिया रिंकमध्ये बंदिस्त जागेतला पहिला ठरवून खेळलेला आइस हॉकी सामना झाला, तो काळ या पकडीच्या स्केट्सचा. पण हॉकीत खेळाडू एकदम थांबतो, उलटा वळतो, धडकतो. अशा वेळी पकड सुटली की पातं एकीकडे आणि खेळाडू दुसरीकडे. म्हणून हळूहळू पातं बुटाच्या तळाला कायमचं ठोकायला सुरुवात झाली.

खरं वळण इथे आहे. पातं सुटं होतं तेव्हा बूट सैल असला तरी निभावत असे. पातं रिव्हेटने बुटाला जडलं आणि बूट हाच स्केट झाला. आता पाय आणि बर्फ यांच्यात जो काही ढिलेपणा राहील तो सगळा बुटाच्या आत, पायाभोवती. माझ्या भाचीच्या घोट्यावरचे फोड हा त्याचाच हिशेब.

या टप्प्यावरचा माझा आवडता माणूस म्हणजे जॉर्ज टॅकाबेरी. मॅनिटोबातल्या ब्रँडन गावचा हा चर्मकार. गावातल्या जो हॉल या हॉकीपटूचे बूट घामाने आणि पाण्याने सैल होऊन टिकत नसत. टॅकाबेरीने त्याला कांगारूच्या कातड्याचे बूट शिवून दिले. हे कातडं पातळ असूनही भक्कम, आणि भिजल्यावर इतर कातड्यासारखं ताणत नाही. बूट इतके गाजले की 1937 मध्ये टॅकाबेरी वारल्यावर सीसीएम या कंपनीने त्यांचे हक्क घेतले आणि ‘टॅक्स’ हे नाव पुढे चालवलं. सीसीएम मुळात सायकली बनवणारी कंपनी. सायकलींचा बाजार बसल्यावर 1905 च्या सुमारास ती स्केट्सकडे वळली. पातं सायकलवाल्याचं आणि बूट चर्मकाराचा, अशी ही सोयरीक. 1927 मध्ये ओंटारिओतल्या किचनर गावी सुरू झालेली बाउअर कंपनी मात्र आधीपासूनच जोडे बनवणाऱ्या घरातली.

कातड्याचा बूट पायाला बसवायचा म्हणजे शिक्षाच असे. काही जण नवा बूट भिजवून पायातच वाळवत. बॉबी ऑर हा नावाजलेला आइस हॉकीपटू तर मोजेच घालत नसे. कातडं थेट पायाला लागलं की पात्याखालचा बर्फ कळतो, असा हिशेब. पॉल कॉफी हा दुसरा हॉकीपटू आपल्या मापापेक्षा बरेच लहान स्केट्स घालण्याबद्दल प्रसिद्ध होता. त्याचं अनुकरण करू नये, पण वाढत्या मापाच्या नेमक्या उलट टोकाला जगातले उत्तम स्केटर का गेले, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

1970 च्या दशकात दुसरं वळण आलं. तोवर पातं पोलादी नळीत बसवलेलं असे आणि ती नळी बुटाला जडलेली. आता बूट आणि पातं यांच्यामध्ये प्लास्टिकचा होल्डर आला. टूक हे त्यातलं गाजलेलं नाव. पुढे ते बाउअरकडे आलं. होल्डर हलका, गंजत नाही, आणि मुख्य म्हणजे पातं झिजलं तर तेवढंच बदलता येतं. अलीकडच्या काही होल्डरना बंदुकीसारखा चाप असतो. तो ओढला की जुनं पातं खाली, नवं वर, आणि खेळाडू काही सेकंदांत पुन्हा बर्फावर. शतकभरापूर्वी जे सुटं होतं ते जडवलं, आणि जडवलेलं पुन्हा सुटं केलं. बूट मात्र पायाला चिकटलेलाच राहिला.

होल्डर विकत घेताना बुटाचा नंबर सांगून भागत नाही. त्यावर मिलिमीटरमधला आकडा असतो, 254 किंवा 263 असा, आणि पातं त्याच आकड्याचं लागतं. हॉकीचं पातं साधारण तीन मिलिमीटर जाड आणि खालून किंचित गोलाकार असतं. हा गोलावा साधारण नऊ-दहा फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा, म्हणून एका वेळी पात्याचा थोडासाच भाग बर्फाला टेकतो. होल्डर जरा पुढेमागे बसला तर वजन चवड्यावर की टाचेवर हे बदलतं. आडवा सरकला तर घोटा आत किंवा बाहेर कलतो, आणि आपण समजतो की मुलाचे घोटे कमजोर आहेत.

हे मी पुस्तकात वाचून नाही, हात पोळून शिकलो. चवथीला टोरांटोहून आलेल्या मावसभावाने त्याच्या मुलाला लहान झालेले बर्फाचे स्केट्स बॅगेतून आणले. चांगला, कडक बूट, भाचीच्या पायाला नेमका. गोव्यात बर्फ कुठला? पण 1980 च्या सुमारास मिनेसोटात स्कॉट आणि ब्रेनन ऑल्सन या हॉकी खेळणाऱ्या भावांनी हॉकीच्या बुटाखाली ओळीतली चाकं बसवली आणि त्यातून रोलरब्लेड ही कंपनी उभी राहिली. तेच आपणही करावं असं ठरलं. एका गॅरेजमध्ये ड्रिलने रिव्हेट उडवले, होल्डर निघाला, चाकांची फ्रेम बसली: पुढे 76 आणि मागे 80 मिलिमीटरची चाकं. पोरगी उभी राहिली तर उजवा पाय आत झुकलेला. पट्टी लावून पाहिलं तर फ्रेम जेमतेम तीन मिलिमीटर बाहेर सरकली होती. मग बुटाच्या तळावर पेन्सिलने रेघ मारली, दुसऱ्या बोटापासून टाचेच्या मध्यापर्यंत, आणि फ्रेम त्या रेघेवर पुन्हा बसवली. मेकॅनिकने दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजायला लावला.

आता मापाचं. उत्तर अमेरिकी हॉकी स्केटचा नंबर तिथल्या बुटाच्या नंबरापेक्षा एक ते दीड कमी असतो. पण आपल्या दुकानातले नंबर ब्रिटिश पद्धतीचे, आणि ते मुळातच अमेरिकी पुरुषांच्या नंबरापेक्षा साधारण एकने कमी. त्यामुळे आपल्या नंबरातून पुन्हा दीड वजा केला की स्केट पायातच जात नाही. त्यापेक्षा कागद भिंतीला लावून त्यावर टाच टेकवून उभं राहावं, सगळ्यात लांब बोटापाशी खूण करावी आणि सेंटिमीटर मोजून कंपनीच्या तक्त्यात पाहावं. दोन्ही पाय मोजावेत. रुंदीही बघावी. तक्त्यातला ‘डी’ म्हणजे साधारण, ‘डबल ई’ म्हणजे रुंद. आयुष्यभर चपलेत मोकळा वाढलेला आपल्याकडचा चवडा ‘डी’मध्ये बऱ्याचदा कळवळतो.

घालून पाहताना टाच जमिनीवर आपटून मागे बसवावी आणि मग लेस ओढावी. ताठ उभं राहिल्यावर बोटांनी टोकाला नुसता स्पर्श करावा, आणि गुडघे वाकवल्यावर ती टोकापासून किंचित मागे यावीत. टाच वर उचलली जाता कामा नये. आजचे बरेचसे बूट उष्णतेने मऊ होतात. दुकानात ते खास ओव्हनमध्ये काही मिनिटं ठेवून पायात घालून बसायला लावतात. टॅकाबेरीच्या काळात ज्याला हंगाम लागत असे ते अर्ध्या तासात होतं. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नये. आमच्या एका शेजाऱ्याने केला आणि डिंक सुटलेला तळ घेऊन तो त्याच गॅरेजमध्ये आला.

भाचीच्या बुटांचं पावसाळ्यात आणखी एक काम असतं, चाकांची बेअरिंग सुकी ठेवण्याचं; जुलैच्या दमट हवेत ती आठवड्यात करकरू लागतात. काढलेला होल्डर आणि त्यातलं पातं पडवीत खुंटीला टांगलेलं आहे. खाऱ्या हवेने पात्यावर तांबूस डाग आले आहेत. परवा आजीने ते हातात घेऊन विळीची बघावी तशी अंगठ्याने धार बघितली आणि म्हणाली, "ह्याची आदोळी बरी झाली असती."