हॅरी पॉटर श्राव्यपुस्तके

जे. के. रोलिंग यांच्या सात भागांच्या कुमार कादंबरीमालेची ध्वनिमुद्रित वाचने. नातेवाइकांच्या घरी जिन्याखालच्या खोपटात वाढलेल्या अनाथ हॅरीला अकराव्या वाढदिवशी कळते की आपण जादूगार आहोत, आणि तो हॉगवर्ट्स या निवासी जादूशाळेत दाखल होतो. पहिला भाग लंडनच्या ब्लूम्सबरी प्रकाशनाने जून १९९७मध्ये छापला. वाचने त्यानंतर लवकरच निघाली. ब्रिटनसाठी स्टीफन फ्राय यांनी वाचले, तर अमेरिकेसाठी जिम डेल यांनी. ध्वनिमुद्रणाचे हक्क देशनिहाय विकले गेल्यामुळे एकाच इंग्रजी मजकुराची ही दोन वाचने शेजारी शेजारी वाढली. श्रोत्यांतही त्यामुळे दोन पक्ष पडले आणि ज्याने लहानपणी जो आवाज ऐकला, त्याला तोच खरा वाटत राहिला.

दोघेही मुळात रंगकर्मी. फ्राय लेखक आणि विनोदी नट. डेल जन्माने इंग्रज असले तरी त्यांनी अमेरिकेत नाव कमावले; ब्रॉडवेवरील ‘बार्नम’ या संगीतिकेसाठी त्यांना १९८०मध्ये टोनी पुरस्कार मिळाला होता. मुलांची पुस्तके कॅसेटवर काढताना बऱ्याचदा काटछाट होई. ही मालिका मात्र अक्षरन् अक्षर वाचली गेली. डेल यांच्या वाचनात पहिला भाग सव्वाआठ तासांच्या आसपास संपतो, तर पाचव्याला सव्वीस तासांहून अधिक लागतात. त्या पाचव्या भागाच्या अमेरिकी संचात २३ सीडी होत्या.

ध्वनिमुद्रणासाठी वाचणाऱ्यापुढची खरी अडचण लांबीची नव्हती. पुस्तके एकेक करून येत होती आणि पहिल्या भागात दोन वाक्ये बोलणारे पात्र पाचव्यात महत्त्वाचे ठरेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हते. एकदा दिलेला आवाज मात्र पुढे निभवावाच लागे. डेल यासाठी प्रत्येक पात्राचे एखाददुसरे वाक्य छोट्या टेपरेकॉर्डरवर नोंदवून ठेवत आणि ते पात्र पुन्हा आले की ऐकून घेत. पाचव्या भागात त्यांनी १३४ आवाज काढले आणि सातव्यात १४६. या आकड्यांची गिनीजने विक्रम म्हणून दखल घेतली. चौथ्या आणि सातव्या भागाच्या वाचनाला ग्रॅमी पुरस्कारही मिळाले.

आकडे डेल यांच्या बाजूने असले, तरी आवाजांच्या संख्येवरून वाचन जोखणे फारसे न्याय्य नाही. फ्राय आवाज कमी बदलतात. त्यांचा निवेदक सगळे माहीत असलेल्या, किंचित मिश्कील काकांसारखा बोलतो आणि पात्रे त्याच्या आवाजातूनच उमटतात. हॉगवर्ट्सचा रखवालदार हॅग्रिड याला ते नैऋत्य इंग्लंडचा ग्रामीण हेल देतात, जो मूळ संवादांच्या लेखनातही दिसतो. डेल यांच्याकडे प्रत्येक पात्र स्वतंत्र सोंग घेऊन उभे राहते. गर्दीचा प्रसंग असला की त्यात धमाल येते. पण त्यांची हर्मायनी, म्हणजे हॅरीची वर्गमैत्रीण, हॅरीला हाक मारताना ‘हॅ’ इतका ताणते की त्यांच्या चाहत्यांनीही त्याची यथेच्छ टिंगल केली आहे. खलनायक व्होल्डेमॉर्टच्या नावातला शेवटचा ‘ट’ डेल सुरुवातीच्या भागांत उच्चारत नसत. चित्रपटांत तो ऐकू येऊ लागल्यावर त्यांनीही तो उच्चारायला सुरुवात केली. पुढे २०१५मध्ये रोलिंग यांनीच तो ‘ट’ अनुच्चारित असल्याचे सांगितले, म्हणजे डेल यांचा आधीचाच उच्चार बरोबर होता.

फ्राय यांनी सांगितलेला एक किस्सा प्रसिद्ध आहे. ‘हॅरी पॉकेटेड इट’, म्हणजे हॅरीने ती वस्तू खिशात टाकली, हे तीन शब्द त्यांच्या जिभेवर काही केल्या बसेनात. त्यांनी रोलिंग यांना फोन करून शब्दरचना थोडी बदलू का, असे विचारले. उत्तर आले, ‘नाही.’ त्यानंतरच्या प्रत्येक पुस्तकात हेच वाक्य मुद्दाम घातलेले सापडले, असे फ्राय सांगतात.

कॅसेट आणि सीडीनंतर २००५मध्ये ही वाचने ॲपलच्या आयट्यून्सवर आली, २०१२मध्ये रोलिंग यांच्या पॉटरमोर या संकेतस्थळावर आणि २०१५च्या अखेरीस ऑडिबल या श्राव्यपुस्तकांच्या सेवेवर. जर्मनीत रूफुस बेक यांचे वाचन असेच घरोघरी पोचले. भारतात हिंदी वाचनासाठी हरीश भिमाणी यांची निवड झाली. दूरदर्शनच्या ‘महाभारत’मधील ‘समय’चा हा आवाज मराठी घरांनाही चांगलाच परिचित आहे. मराठीत भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने ‘हॅरी पॉटर आणि परीस’पासून ही मालिका छापील रूपात आणली.

नोव्हेंबर २०२५पासून ऑडिबल आणि पॉटरमोर यांनी तिसरी इंग्रजी आवृत्ती काढायला घेतली. तीत दोनशेहून अधिक कलाकार आहेत. हॉगवर्ट्सचे मुख्याध्यापक डम्बलडोर यांचा आवाज ह्यू लॉरी यांचा, तिथले शिक्षक स्नेप यांचा रिझ अहमद यांचा, व्होल्डेमॉर्टचा मॅथ्यू मॅकफेडियन यांचा. जोडीला पार्श्वसंगीत आणि ध्वनिपरिणामही आहेत. तरी हे नभोनाट्य नव्हे. मूळ मजकूर पूर्ण ठेवायचा म्हटल्यावर संवादांच्या मधली पानेच्या पाने कुणीतरी वाचायला हवीत आणि ते काम कुश जम्बो या एकट्या निवेदिकेकडे आहे.